वकील असून गप्प

गेल्या दत्तजयंतीच्या आठवड्यात मी अमरावतीला आईकडे होते. घरात साईसच्चरिताचा सप्ताह चालू होता. आईच्या डोळ्यांना आता पोथीचं बारीक अक्षर लागत नाही, त्यामुळे वाचायचं मी आणि ऐकायचं तिनं, असं ठरलेलं. संध्याकाळी खोलीत उदबत्तीचा वास, त्यात संत्र्याच्या सालीचा वास मिसळलेला, कारण माझी नऊ वर्षांची भाची मांडी घालून शेजारी बसायची आणि पोथी ऐकता ऐकता एकेक फोड सोलून खायची. देवघरापुढे संत्री खाऊ नयेत असं मी एकदा म्हटलं, तर आईनंच मला गप्प केलं. चौथ्या दिवशी सत्ताविसावा अध्याय आला. त्यात अमरावतीचे दादासाहेब खापर्डे येतात. एवढा नामांकित वकील, सभा जिंकणारा वक्ता, पण शिर्डीत बाबांसमोर तोंड म्हणून उघडत नसे. बाकीचे भक्त बोलत, विचारत, कधी वादही घालत. मौन धरून बसणारे तिघंच: खापर्डे, नूलकर आणि बुट्टी. मी ओवी संपवून पान उलटणार, एवढ्यात भाचीनं विचारलं, “आत्या, ते वकील होते ना? मग वकील असून गप्प कसे बसले?”

आई म्हणाली, “अगं, देवापुढे कोण बोलतं?”

“पण आजी, तू तर केवढं बोलतेस देवाशी!”

आई हसली, मीही हसले आणि पुढच्या ओव्या वाचायला लागले. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही कुठेतरी दुखऱ्या जागी बोट लागल्यासारखं वाटत राहिलं. लहानपणापासून हा अध्याय किती वेळा कानावरून गेला असेल. त्या मौनाचा अर्थ आम्हाला आयता मिळाला होता: मोठा माणूस, मोठी नम्रता. नम्रता खरीच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी वकिलाच्या घरात वाढलेली आहे. बोलण्यावर ज्याचं पोट चालतं तो माणूस बोलेनासा होतो तेव्हा घरात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्याकडे नंतर येईन.

अमरावतीत वाढलेल्याला खापर्डे हे नाव शिकवावं लागत नाही. राजकमल चौकातून जाताना कुणीतरी मोठं माणूस ‘हा दादासाहेबांचा वाडा’ असं सांगायचंच. या वाड्याबद्दल अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार जिव्हाळा होता. ते स्वतः जिल्हा कोर्टात वकिली करत, आणि अमरावतीच्या वकिलांचा विषय निघाला की त्यांच्या आवाजात एक वेगळाच ताठा यायचा. एका गावच्या कोर्टात, एकाच काळात तिघंजण उभे राहत होते, असं ते सांगत: रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी आणि दादासाहेब खापर्डे. मुधोळकर पुढे १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मोरोपंतांना ‘सर’ मिळालं. ते दोघे मवाळ. दादासाहेब मात्र टिळकांचे. कोर्टात समोरासमोर उभं राहायचं, राजकारणातही समोरासमोर, आणि गाव तेच, पक्षकार तेच, लग्नामुंजींच्या पंगतीही त्याच. आजच्यासारखं तोंड फिरवून जाण्याची सोय त्या अमरावतीत नव्हती.

कापसावर उभं राहिलेलं ते गाव. बडनेऱ्याहून फाटा फुटलेली रेल्वे आत येत होती ती कापसासाठीच. कापसाबरोबर पैसा आला, पैशाबरोबर दावे आले, आणि दाव्यांबरोबर वकील. दादासाहेबांचा जन्म १८५४ चा, गणेश चतुर्थीचा, म्हणून नाव गणेश. शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात, १८८४ ला एलएल.बी., मग काही वर्षं सरकारी नोकरी. ती सोडून १८९० च्या सुमाराला त्यांनी अमरावतीत वकिली सुरू केली आणि ती अशी चालली की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणायला लागले. राहणी ऐसपैस, दार सगळ्यांना उघडं, बोलणं मिस्कील. नाटकाचा नाद इतका की १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं त्याचे अध्यक्ष हेच. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. कोर्ट, सभा आणि रंगभूमी, तिन्ही ठिकाणी माणूस आवाजावरच उभा असतो. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून देशभरच्या पुढाऱ्यांसमोर उभे राहिले तेही दादासाहेबच. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेवर तुरुंगात होते. मांडवात ते नव्हते आणि तरीही सगळीकडे होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांचं नाव काढलं तेव्हा मांडवानं जो प्रतिसाद दिला, त्याची आठवण वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी पुढे किती तरी वर्षं जपली.

टिळकांपेक्षा दादासाहेब दोन वर्षांनी मोठे. हे मी मुद्दाम मोजून पाहिलं. आपल्या मनातलं चित्र उलटं असतं. पुढारी वयानं मोठा आणि अनुयायी लहान. इथे वयानं मोठा, स्वतःच्या प्रांतात राजासारखा वावरणारा माणूस दोन वर्षांनी लहान असलेल्या मित्रामागे चालत होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. सुरतेला १९०७ साली काँग्रेस फुटली, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, तेव्हाही दादासाहेब टिळकांच्याच बाजूला होते. घरच्या बार रूममध्ये मुधोळकर आणि जोशी, बाहेर टिळक. दोन्ही ठिकाणी तोल सांभाळत जगणं सोपं गेलं नसेल.

मग १९०८.

टिळकांवरच्या राजद्रोहाच्या त्या खटल्याबद्दल आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे, त्यामुळे तो मी पुन्हा सांगत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मुंबई हायकोर्टात जाणं झालं होतं, तेव्हा मधल्या मोठ्या कोर्टरूमबाहेर मी उभी राहिले. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, त्यावर टिळकांचे ते वाक्य इंग्रजीत कोरलेलं आहे, माणसांच्या आणि राष्ट्रांच्या नशिबावर सत्ता चालवणाऱ्या वरच्या शक्तीबद्दलचं. मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ती १९५६ साली लावली गेली. बाहेर पावसाळी दमट हवा, आत फायलींचा आणि ओल्या छत्र्यांचा वास, काळे कोट घाईघाईनं ये-जा करताहेत, पाटीकडे कुणी बघत नाही. मी मात्र तिथे उभी राहून तासांचा हिशेब करत होते. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. बोलले ते तब्बल एकवीस तासांच्या वर, काही दिवसांत मिळून. जामिनासाठी जीनांनी युक्तिवाद केला होता, तो न्यायमूर्ती दावरांनी फेटाळला, आणि अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर होते. ज्युरी नऊ जणांची, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. रात्री दहाच्या सुमाराला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली, आणि काही तासांनी उजाडणारा दिवस टिळकांच्या वाढदिवसाचा होता.

दादासाहेब त्या दिवसांत टिळकांबरोबर मुंबईत होते. मला ती रात्र त्यांच्या बाजूनं दिसते. आरोपीची नव्हे, तर कायदा जाणणाऱ्या मित्राची. सगळे मुद्दे माहीत आहेत, नजिरा माहीत आहेत, ज्युरीकडे पाहून निकाल कधीच कळलेला आहे, आणि एकवीस तास उत्तम बोललेला माणूस समोरून नेला जातो आहे. वकिलाच्या आयुष्यात याहून मोठा हादरा कोणता असेल? बोलणं कमी पडलं असतं तर पुढच्या वेळी अधिक चांगलं बोलता आलं असतं. इथे बोलण्यात काही उणं नव्हतंच.

तरीही त्याच ऑगस्टात हा माणूस बोटीत बसला. वय चोपन्न. चालती वकिली, पक्षकार, वाडा, बायको, मुलं सगळं मागे टाकून टिळकांच्या सुटकेसाठी लंडनला गेला, आणि तिथे दोन वर्षं राहिला. प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे त्या काळचं अपिलाचं शेवटचं कोर्ट, पार्लमेंटातले सभासद, मंत्र्यांचे दरवाजे, अर्ज, मुलाखती. त्या काळी बिपिनचंद्र पाल लंडनमध्ये होते, सावरकर होते. १९०९ च्या जुलैत धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या आणि त्या शहरात हिंदी माणसाचं ऐकून घेणारे जे थोडे होते तेही कानकोंडे झाले असतील. प्रिव्ही कौन्सिलमध्ये यश आलं नाही. मंत्र्यांकडे आलं नाही. परतताना दादासाहेब ब्रह्मदेशात उतरले आणि मंडालेच्या तुरुंगात जाऊन टिळकांना भेटले. त्या भेटीत दोघे काय बोलले असतील याचा विचार केला की मला नेहमी एकच दृश्य दिसतं: दोन वर्षं साता समुद्रापार दारं ठोठावून आलेला वकील, रिकाम्या हातानं, आपल्या पक्षकारासमोर बसलेला. पक्षकारापुढे रिकाम्या हातानं बसायची वेळ प्रत्येक वकिलावर येते. पण हा पक्षकार टिळक.

नोव्हेंबरात घरी आणि डिसेंबरात शिर्डी.

इतक्या लगोलग! लहानपणी पोथी ऐकताना मला हे कधीच जाणवलं नाही, कारण पोथीत साल-महिने एकाखाली एक मांडलेले नसतात. १९१० च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा गेले ते आठवडाभरासाठी. शिर्डीतल्या दीक्षित वाड्याचा पाया त्याच दिवसांतला. तो वाडा बांधणारे काकासाहेब दीक्षितही मुंबईचे सॉलिसिटर आणि कौन्सिलातले मानकरी, हेही पाहण्यासारखं आहे. नंतर १९११ च्या डिसेंबरात दादासाहेब पुन्हा आले आणि या खेपेला मार्चच्या मध्यापर्यंत राहिले. त्याच डिसेंबरात, बारा तारखेला, दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता. देशभरचे राजेरजवाडे, वकील, कौन्सिलर दिल्लीच्या थंडीत नटूनथटून उभे होते, आणि वऱ्हाडचा नवाब म्हणवला जाणारा माणूस कोपरगावहून टांग्यानं येऊन एका पडक्या मशिदीत धुनीशेजारी बसला होता.

आपल्या नशिबानं दादासाहेबांना डायरी लिहायची सवय होती, इंग्रजीत, वर्षानुवर्षं. त्या वह्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि शिर्डीतल्या दिवसांचा भाग वेगळा छापला गेलेला आहे. आईच्या कपाटात त्याची एक जुनी प्रत होती. त्या आठवड्यात मी ती काढली. राजकारण, टिळक, तुरुंग असलं काही सापडेल म्हणून उघडली, आणि सापडलं ते जवळजवळ रोज तेच. सकाळी लवकर उठलो, प्रार्थना केली. साईमहाराजांना बाहेर जाताना पाहिलं, परत येताना पाहिलं. दुपारी पंचदशी वाचली, परमामृत वाचलं, दोन्ही वेदान्तावरचे ग्रंथ. रात्री भजन. पुन्हा सकाळी लवकर उठलो. पानंच्या पानं हेच. पहिल्या दिवशी मला कंटाळा आला, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी त्या वाक्यांचा हात पाठीवर फिरल्यासारखं वाटायला लागलं. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला घरातले लोक जे करायला लावतात तेच हे आहे. वेळेवर ऊठ. थोडं चाल. थोडं वाच. उद्याचं बघू. मध्येच जानेवारीत मेघा जातो, बाबांची पूजा करणारा तो गुजराती ब्राह्मण, आणि बाबा मोठ्यानं शोक करतात. दादासाहेब तेही पाहतात आणि लिहून ठेवतात. निघायची परवानगी मागितली जाते, मिळत नाही. पुन्हा पंचदशी.

भक्तमंडळी सांगतात की इंग्रज सरकारची नजर दादासाहेबांवर होती, राजद्रोहाची तलवार डोक्यावर होती, म्हणून बाबांनी त्यांना जाऊ दिलं नाही. असेलही. टिळकांचा उजवा हात तेव्हा मोकळा फिरत होता, हे सरकारला आवडलं नसणारच. पण मला या कारणापेक्षा ते तिघे एकत्र दिसतात तेव्हा अधिक कळतं. नूलकर पंढरपूरला सब-जज्ज होते. बुट्टी नागपूरचे मोठे धनिक, पुढे समाधिमंदिर झालं तो वाडा त्यांचाच. एक वकील, एक न्यायाधीश, एक सावकार. ज्यांच्या शब्दावर बाहेरच्या जगात माणसाची जमीन जाते किंवा राहते, असे तिघे. त्याच पोथीत एकविसाव्या अध्यायात पंढरपूरच्या बार रूममधली गोष्ट आहे. नूलकर शिर्डीला गेले म्हणून तिथे वकील मंडळींनी त्यांची टिंगल केली, आणि पुढे त्यांतला एक शिर्डीला आला तेव्हा बाबांनी ते बोलणं त्याच्यासमोर ठेवलं. बार रूममध्ये शब्दांचं काय होतं ते मी जवळून ऐकलेलं आहे. शब्द तिथे नाण्यासारखे असतात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, गुळगुळीत होईपर्यंत. आयुष्यभर ती नाणी मोजलेल्या माणसानं कुठेतरी मूठ उघडून रिकामी ठेवली असेल तर मला ते समजतं.

आणि आणखी एक. पोथी लिहिली गेली १९२० नंतरच्या वर्षांत. तोवर दादासाहेब दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये जाऊन बसलेले होते, नाव पुन्हा देशभर झालं होतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तोच मानाचा माणूस उभा राहतो आणि मग त्याचं मौन दिमाखदार वाटतं. पण १९११ च्या थंडीत धुनीशेजारी बसलेल्या माणसाकडे काय होतं? ते कौन्सिल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. दोन वर्षांत वकिली विस्कटलेली. मित्र मंडालेला, त्याच्या शिक्षेची अजून अडीच-तीन वर्षं बाकी. पक्ष सुरतेनंतर काँग्रेसबाहेर. ज्या मुधोळकरांशी एकाच कोर्टात बरोबरीनं वाद घातले ते पुढच्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष व्हायचे होते. सगळं बोलून झालेलं होतं.

अण्णांचं सांगते आता. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांची बैठक. सकाळी सातपासून दर्यापूर, अचलपूर, चांदूरकडची माणसं यायची. धोतराला मातीचा वास, हातात पिशवी, पिशवीत सातबारा आणि कधी आमच्यासाठी ओल्या तुरीच्या शेंगा. “वकीलसायब, तुमीच सांगा आता, मले काय समजते त्यातलं,” असं म्हणून ती माणसं भिंतीला टेकून बसायची. अण्णा त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलत, मुन्शींशी मराठीत, फोनवर इंग्रजीत, आणि आत आमच्याशी बोलायला येत तेव्हा आवाज बसलेला असे. दर्यापूरकडच्या एका विधवा बाईचा जमिनीचा दावा त्यांनी आठ वर्षं चालवला. खारपाणपट्ट्यातली जमीन, पाणी खारट, पिकून पिकून किती पिकणार, पण तिच्याकडे तेवढीच होती. खालच्या कोर्टात जिंकले. वरच्या कोर्टात अपिलात हरले. तिला सांगायला अण्णा स्वतः तिच्या गावी गेले. परत आले आणि बंगईवर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, बसले. त्यानंतर महिना-दीड महिना ते घरात बोललेच नाहीत. कोर्टात जात, तारखा घेत, तिथे बोलावं लागे तेवढं बोलत. घरी आलं की बंगई. मी तेव्हा अकरावीत होते. मला राग यायचा. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं घरातली हवाच जड झाली होती, ताटं वाढतानाचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. मी एकदा तावातावानं म्हणाले, ‘सगळ्या जगाशी बोलता, आमच्याशी बोलायला काय होतं?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पायानं बंगईला झोका दिला.

मी त्यांची क्षमा कधी मागितली नाही. मागायला हवी होती हे कळलं तोवर ते गेले होते.

सत्ताविसाव्या अध्यायात दादासाहेबांच्या मौनाइतकीच दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांना पाठ असते. लक्ष्मीबाईंची. दादासाहेबांची बायको. नवरा तीन-चार महिने शिर्डीत राहिला, तर पोथी सांगते की ही बाई सात महिने राहिली. एकदा दुपारी ती नैवेद्य घेऊन आली, सांजा, पुऱ्या, भात, खीर, सांडगे, पापड. इतरांच्या ताटांकडे बाबा लवकर पाहतही नसत. तिचं ताट आलं तसे ते ताडकन उठून जेवायलाच बसले. बाबांच्या जवळच्या भक्तांपैकी माधवरावांनी विचारलं, हा दुजाभाव कशासाठी? तेव्हा बाबांनी तिच्या मागच्या जन्मांची हकीकत सांगितली, व्यापाऱ्याच्या दुभत्या गाईपासून पुढची. मग ती पाय दाबत बसली आणि बाबांनी तिला हळूच सांगितलं, राजाराम, राजाराम म्हणत जा. मुलाला गाठीचा ताप आला तेव्हा घाबरून बाबांपुढे रडत गेलेलीही हीच, आणि बाबांनी कफनी वर करून आपल्या अंगावरच्या गाठी दाखवल्या त्या हिलाच. दादासाहेब गप्प होते. लक्ष्मीबाई बोलत होत्या. मागत होत्या, रडत होत्या, वाढत होत्या.

त्या दोन वर्षांत, १९०८ ते १९१०, अमरावतीचा तो मोठा वाडा कुणी चालवला असेल? दार सगळ्यांना उघडं ठेवायची सवय लागलेल्या घरात नवरा परदेशात आणि मिळकत थांबलेली असताना पाहुण्यांची पानं कुणी वाढली असतील? लंडनचे दिवस दादासाहेबांच्या वह्यांत आहेत, टिळकांचे मंडालेचे दिवस त्यांच्या पत्रांत आणि ग्रंथात आहेत. वाड्याच्या माजघरातले दिवस कुठेच नाहीत. म्हणून त्या ताटावर बाबा जसे तुटून पडले त्या प्रसंगाशी मी दर वेळी थांबते. त्यात मला पुण्याईपेक्षा दुसरंच काही ऐकू येतं. सगळ्यांना वाढत आलेल्या बाईचं ताट कुणीतरी, एकदा तरी, वाट पाहत असल्यासारखं ओढून घेतलं.

पुढे दादासाहेब पुन्हा बोलायला लागले. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून आले, होमरूलची चळवळ उभी राहिली, आणि साठी उलटलेले दादासाहेब पुन्हा दौऱ्यांवर, पुन्हा व्यासपीठांवर. १९२० च्या १ ऑगस्टला मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. गांधीजींचा असहकार दादासाहेबांना पटला नाही. कोर्टं सोडा, कौन्सिलं सोडा म्हणणाऱ्या काळात ते कौन्सिलात गेले, आणि ज्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांच्यापासून हळूहळू बाजूला पडले. त्यांचं चुकलं असं मला वाटतं. लोक ज्या वाटेनं निघाले होते ती त्यांना दिसली नाही. पण वकिलाला कोर्ट सोडा सांगणं म्हणजे काय, हेही मला ठाऊक आहे. आणि ज्याच्यासाठी सगळं सोडलं तो मित्र गेल्यावर दुसऱ्या कुणासाठी पुन्हा सोडण्याचं बळ पासष्टीनंतर किती जणांत असतं? १९३८ च्या १ जुलैला ते वारले.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी उद्यापन झालं, भाकरी-पिठल्याचा नैवेद्य झाला, शेजारपाजारच्या बायका जेवून गेल्या. भाची पुन्हा आली. “आत्या, तू सांगणार होतीस.” मी डायरीची ती जुनी प्रत उघडली आणि तिला चार दिवस वाचून दाखवले, मराठी करून. लवकर उठलो, प्रार्थना केली. महाराजांना जाताना पाहिलं. पंचदशी वाचली. लवकर उठलो, प्रार्थना केली. ती म्हणाली, “हे तर रोज तेच करताहेत.” मग थोडं थांबून, “बरं नव्हतं का त्यांना?”

मी हो म्हणाले.

रात्री भांडी आवरल्यावर मी आईजवळ बसले. तो विषय आम्ही इतक्या वर्षांत एकदाही काढला नव्हता. मी विचारलं, “दर्यापूरच्या त्या केसनंतर अण्णा बोलत नव्हते, आठवतं? तू तेव्हा काय केलंस?”

“काय करणार? स्वयंपाक करत होते,” आई म्हणाली. तिनं पदरानं चष्मा पुसला. “आणि तुम्ही झोपलात की त्यांच्या शेजारी बंगईवर जाऊन बसायचे. आपण काही विचारायचं नाही, एवढं मनाशी ठरवलं होतं. एक दिवस रात्री आपणहून म्हणाले, त्या बाईच्या अंगणात कडुनिंब आहे गं, फार मोठा. मग रडले.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं कुठे?”

बाहेर भाची बंगईवर बसली होती. कड्यांचा तोच जुना आवाज येत होता, आणि खोलीत संत्र्याचा वास.